गमरे काकांची दुसरी बाटली

गमरे काका रस्ता विचारण्याआधी समोरच्याला पाणी विचारायचे. सायकलवरून उतरायचे, दांडीला लावलेल्या दोन बाटल्यांपैकी मागची काढायचे आणि म्हणायचे, "भिया, पानी लोगे?" समोरचा गोंधळून जायचा. रस्त्यात पाणी मागणारे पुष्कळ भेटतात, देणारा भेटला की माणूस आधी संशयाने बघतो. महूच्या पुढे, जाम गेटच्या अलीकडे म्हशी चारणाऱ्या एका म्हाताऱ्याने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळून सुनावलं होतं, "बाबूजी, तम पियो, चढ़ाई तो तमारे हे." काका हसले, पण बाटली काही मागे घेतली नाही. म्हाताऱ्याने शेवटी ओंजळ पुढे केली. काकांनी ओंजळीत पाणी ओतलं नाही, बाटलीच त्याच्या हातात दिली. तो प्यायला, मिशा पुसल्या, आणि मग काकांनी विचारलं, "हां, आता सांगा. मंडलेश्वरला खालच्या सडकेने जाता येतं का?"

"पहले पानी, फिर पता," असं ते आम्हाला सांगायचे. हा त्यांचा कायदाच होता.

मी त्यांना भेटले ते गुडघ्यांमुळे. बँकेतून निवृत्त झाले आणि डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा. आमचं घराणं होळकरांच्या दरबारात कारकुनी करणारं. पिढ्यान्‌पिढ्या आमच्यात कोणी बसल्या जागेवरून उठलेलं नव्हतं. तरी दर रविवारी सकाळी इंदूरच्या लालबागच्या फाटकापाशी सायकलवाल्यांची एक टोळी जमते असं कळलं, म्हणून गेले. तिथे सगळे चमकदार हेल्मेटवाले, सडपातळ, अंगाला चिकटलेल्या कपड्यांतले. मी सलवार-कुर्त्यात. परत फिरावं असं वाटत होतं, तेवढ्यात खाकी पँटला घोट्याशी क्लिप लावलेले एक सत्तरीच्या आसपासचे गृहस्थ पुढे आले आणि बाटली धरून म्हणाले, "घ्या."

"माझ्याकडे आहे पाणी," मी म्हटलं.

"ते दिसतंय ना. हे माझ्याकडचं आहे."

मी प्यायले, आणि त्या दिवसापासून त्यांच्या मागे सायकल दामटायला लागले.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, जन्म महूचा, घर परदेशीपुऱ्यात. वडील फौजेत, आजोबा फौजेत. खात्यात असताना तारा तपासत त्यांनी सगळा माळवा पालथा घातला होता, त्यामुळे नवा मार्ग आखायचं काम टोळीने त्यांच्यावर सोपवलं होतं. त्यांची पद्धत अशी, की कुठलाही नवा मार्ग ते आधी एकटे जाऊन उलटा चालवून बघायचे. शेवटापासून सुरुवातीकडे. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "उताराने आलेल्या माणसाला सडक विचारू नये शैलाजी. त्याला सगळं सोपंच वाटतं." आणि वाटेत तिघांना विचारायचं, हा दुसरा नियम. "एकाला विचारलं तर रस्ता कळतो. तिघांना विचारलं की गाव कळतं."

आमच्यातला मंगेश, त्याचं सियागंजात हार्डवेअरचं दुकान आहे, तो फोनमधल्या नकाशावर चालणारा. दोघांची कायम जुंपायची. एकदा मंगेशने फोनवर शॉर्टकट काढला आणि आम्ही सगळे सायकली खांद्यावर घेऊन एका लसणाच्या शेतात उभे राहिलो. शेताचा मालक काठी घेऊन धावत आला. काकांनी त्यालाही आधी पाणी विचारलं. काठी खाली गेली, पाठोपाठ चहा आला. परतताना काका मंगेशला एवढंच म्हणाले, "तुमच्या मशीनला पाणी विचारता येत नाही भिया. भरवसा कसा ठेवायचा?"

मंगेश त्यांना चालती-फिरती प्याऊ, म्हणजे पाणपोई, म्हणायचा. नव्या माणसाशी ओळख करून देताना मुद्दाम सांगायचा, "काकांच्या दुसऱ्या बाटलीपासून जरा सांभाळून." नवा माणूस बिचारा काही भलतंच समजायचा. काका मजेत मान हलवायचे. दुसऱ्या बाटलीतलं पाणी ते स्वतः कधी प्यायचे नाहीत. स्वतःची बाटली रिकामी झाली तर हापसा शोधायचे, नाहीतर तहानलेले राहायचे.

मला चढ अजिबात जमत नसे. सिमरोलच्या घाटात मी एकदा रस्त्याच्या कडेला बसकण मारली आणि म्हटलं, मला इथेच सोडा, टेम्पो बोलवा. काका शेजारी येऊन बसले. "अहो, चढाई आहे, सासू थोडीच आहे? संपते." माझी सासू तेव्हा नव्वदीला टेकलेली आणि ठणठणीत होती. मी हसले आणि उठले. चिडून बसलेल्या माणसाला उठवण्याची विद्या त्यांना होती, आणि मी महिन्यातून दोनदा तरी चिडून बसत असे.

इंदूरच्या माणसाला समुद्राचं भारी अप्रूप. आमच्या टोळीत दरवर्षी थंडीच्या तोंडावर कोणीतरी टूम काढायचं, चला कोकणात, समुद्राच्या काठाकाठाने सायकल चालवू. आणि दरवर्षी काका विषय फिरवायचे. कधी म्हणायचे, आधी नर्मदा तर पुरी बघा. कधी गुजरातेतल्या सडकांची तारीफ करायचे. शेवटी त्यांच्या बायकोनेच, शांताकाकूंनी, आमच्यादेखत सांगितलं, "किती दिवस टाळणार? हाडं चालतायत तोवर जाऊन या." काकांनी त्यांच्याकडे बघितलं आणि हो म्हणाले. मला वाटलं, एकदाचं घोडं गंगेत न्हालं. आत काय आहे ते मला कुठे ठाऊक होतं.

त्यांनी मार्ग आखला. परदेशीपुऱ्यातल्या घरात भिंतीवर नकाशा लावला होता, त्यावर पेन्सिलने रेघ. दापोली, हर्णै, मग दाभोळची खाडी फेरीबोटीने ओलांडून गुहागर आणि पुढे. मी रेघ बघत होते. दाभोळच्या अलीकडे एक चांगला सपाट रस्ता एका गावातून सरळ जात होता. काकांची रेघ मात्र त्या गावाला टाळून डोंगरावर चढत होती आणि पलीकडे उतरत होती. माझे गुडघे तिथेच दुखायला लागले.

"हे काय? सरळ रस्ता सोडून ह्या घाटीत कशाला नेताय?"

"तो रस्ता आपल्या कामाचा नाही."

"खराब आहे?"

"नसेल."

"विचारलंत कोणाला?"

"चहा घ्या शैलाजी," काका म्हणाले. तिघांना विचारल्याशिवाय पाऊल न टाकणारा हा माणूस, आणि ह्या रस्त्याबद्दल एकालाही विचारायला तयार नाही. मी चहा घेतला, पण मनात डूख धरला.

थंडीत निघालो. सायकली एका टेम्पोत, आम्ही दुसऱ्या गाडीत. काकांनी घरून पाण्याचा मोठा कॅन घेतला होता. आमच्याकडे नळाचं पाणी नर्मदेचं, एक दिवसाआड येतं, बायका एकमेकींना विचारतात, "नर्मदा आली का?" तर ती नर्मदा ह्या माणसाने कोकणात चालवली होती. रोज सकाळी त्यातून दुसरी बाटली भरायचे. मी म्हटलं, "कोकणात काय पाण्याचा दुष्काळ आहे?" तर म्हणाले, "कोकणचं पाणी गोड आहे, माहीत आहे. पण द्यायचं तर घरचं द्यावं."

हर्णैला संध्याकाळी समुद्र दिसला. मंगेश आणि बाकीचे लहान मुलांसारखे लाटांत धावले. काका वाळूत सायकल आडवी ठेवून तिच्याशेजारी बसले. मी डूख धरलेलाच होता. जाऊन बसले आणि म्हटलं, "आता सांगा. उद्याच्या घाटीचं काय आहे?"

त्यांनी सांगितलं. ते गाव त्यांचं होतं. गावाचं नाव मी इथे घालत नाही, अशी गावं पुष्कळ होती. त्यांचे आजोबा फौजेत गेले, मोठ्या लढाईवर गेले, आणि परत आले ते वर्दीतच. आईला दाखवायची होती. लांबून पायी आलेले, घसा कोरडा पडलेला. गावात शिरताना खोतांची विहीर लागते, तिथे खोतांचा गडी पाणी शेंदत होता. आजोबांनी पाणी मागितलं. तो म्हणाला, खाली बस, ओंजळ कर. आणि वरून पाणी ओतलं.

"मग?"

"आजोबांनी बोटं सैल केली," काका म्हणाले. "सगळं पाणी मातीत जाऊ दिलं. उठले आणि तसेच मागे फिरले. घरापर्यंतसुद्धा गेले नाहीत. पणजी तिकडे उंबऱ्यात उभी, पोरगा येणार म्हणून सडकेकडे बघत. तिला मागून महूला बोलावून घेतलं, ती गोष्ट वेगळी. पण त्या दिवशी ती उभीच राहिली. त्याचं दुःख आजोबांना मरेपर्यंत होतं."

महूच्या घरासमोर आजोबांनी माठ ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही पाणी. ओंजळीत ओतायचं नाही, लोटा हातात द्यायचा. आणि दुसरं असं ठरलं, की त्या गावचा रस्ता आपल्या पायाला नाही. काकांच्या वडिलांनी ते पाळलं, काका पाळत होते.

आमच्या घरात आजोबा-पणजोबांच्या गोष्टी पोत्याने होत्या. विहिरीची एकही नव्हती. ज्यांची विहीर असते त्यांना विहिरीची गोष्ट नसते, असं मला तेव्हा वाटलं, आणि स्वतःचीच लाज वाटली.

"मग इतक्या जवळून तरी कशाला जायचं?" मी विचारलं. "बघावंसं वाटतं का तुम्हाला?"

"वाटतं ना. म्हणून तर घाटी घेतली. वरून गाव दिसतं म्हणतात." मग वाळू झटकत उठले. "आत नाही जायचं. वरून बघायचं, बस."

दुसऱ्या दिवशी तो फाटा आला. मंगेश आणि मंडळी पुढे निघून घाटी चढायला लागली होती. मी नेहमीप्रमाणे शेवटी, आणि काका माझ्याबरोबर. फाट्यावर एसटीची शेड होती, तिच्यात एक म्हातारी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ऐंशीच्या पुढची असावी. आम्हाला डोंगराकडे वळताना बघून तिने हाक मारली, "अगं ए बाई, घाटीत कुठे मरायला जातेयस? गावातून सरळ रस्ता आहे की!"

मी काकांकडे बघितलं. काका सवयीने सायकलवरून उतरले. हात मागच्या बाटलीवर गेला आणि तिथेच राहिला. इतक्या वर्षांत तो हात अडलेला मी पाहिला नव्हता.

"कुठून आलात?" म्हातारीने विचारलं.

"इंदूरहून," मी म्हटलं.

"सायकलवर? तिकडे आगगाडी नाही का?" मग तिची नजर काकांवर थांबली. "हे इकडचेच वाटतायत. कुणापैकी तुम्ही?"

आता काका खोटं सांगू शकले असते. इंदूरचे म्हणाले असते तरी चाललं असतं. पण काका ताठ उभे राहिले, साहेबापुढे उभं राहावं तसे. "गमरे. खालच्या वाडीतले. माझे आजोबा फौजेत होते."

म्हातारीने डोळ्यांवर हात आडवा धरून त्यांना निरखलं. मग म्हणाली, "विहिरीवरून परत गेले ते?"

म्हातारी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत सांगत होती, "मी खोतांच्या घरची सून. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं होतं. म्हणजे उघड नाही सांगत कोणी. मागच्या दारी सांगायच्या. म्हणायच्या, त्या पोराची आई संध्याकाळपर्यंत उंबऱ्यात उभी होती, आम्ही बघत होतो, पण कोणी गेलं नाही तिच्याकडे." आदल्या दिवशी मी मनात जे म्हटलं होतं ते चुकीचं ठरलं. विहीरवाल्यांकडेही गोष्ट होती.

काकांनी बाटली काढली. "काकी, पाणी घ्याल?"

म्हातारीने दोन्ही हात पुढे केले, जुन्या बायका करतात तशी ओंजळ.

"नाही काकी. बाटली घ्या."

मी तिच्या हातांकडे बघत होते. ती घेईल का, आणि घेतली तर काय करेल. तिने बाटली हातात घेतली. वरून प्यायला तिचे हात स्थिर नव्हते. तिने बाटली सरळ तोंडाला लावली आणि सावकाश, पोटभर प्यायली. पदराने तोंड पुसलं.

"गोड आहे," म्हणाली.

"नर्मदेचं आहे. घरचं."

काकांनी झाकण लावलं आणि बाटली जागेवर ठेवली. "आता सांगा काकी. गमऱ्यांचं घर कुठे होतं?"

तेवढ्यात तिची एसटी आली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. तिने हात हलवून गाडीला जायला सांगितलं आणि काठी टेकत उठली. "सांगून काय कळणार आहे? चला, मीच येते."

ती पुढे, आम्ही मागे. काकांना मी कुठल्याही चढावर सायकल हातात धरून चालताना पाहिलं नव्हतं, तो त्यांना अपमान वाटायचा. त्या सपाट रस्त्यावर ते सायकल ढकलत चालत होते. विहीर लागली. तिच्यावर आता लोखंडी जाळी होती आणि पंपाची मोटार. म्हातारी थांबली, "विहिरीवर जायचंय?"

"नको," काका म्हणाले. "मला उंबरा बघायचा होता."

घर कुठलं असायला? फणसाच्या झाडाखाली जांभ्या दगडाचं जोतं उरलं होतं आणि पुढे एक झिजलेली पायरी. काका पायरीवर चढले आणि सडकेकडे तोंड करून उभे राहिले. तिथून आम्ही आलो तो रस्ता विहिरीपर्यंत सरळ दिसत होता. म्हणजे पणजीला आपला पोरगा विहिरीवरून वळताना दिसला होता. हे मला कळलं तेव्हा काकांनाही कळलं असणार. ते खाली बसले, पायरीवर तळहात ठेवला आणि हळू म्हणाले, "आलो गं. जरा लेट झालं."

मी फणसाकडे तोंड केलं. म्हातारी उघडपणे रडत होती, तिने काही लपवलं नाही.

मग काकांचा फोन वाजला. डोंगरावरून मंगेश ओरडत होता, इतका की मलाही ऐकू आलं: "काका, ते खाली झाडाखाली तुम्हीच आहात ना? तिथे काय करताय?"

काकांनी डोळे पुसले. "भिया, घाटी कॅन्सल. सगळे खाली या. घरी आलोय."

इंदूरला परतल्यावर त्यांनी नकाशावरची डोंगरातली रेघ खोडली आणि गावातून सरळ ओढली. पुढच्या थंडीत आम्ही त्याच रस्त्याने गेलो. ह्या खेपेला म्हातारीने सगळ्यांना घावणे करून घातले, काकांनी तिला एक कॅनभर नर्मदा दिली, आणि दोघं ओटीवर बसून मंगेशच्या फोनला नावं ठेवत बसले. तिला मुलंबाळं नव्हती. निघताना काकांना म्हणाली, "येत जा रे." त्यांच्यासारख्या म्हाताऱ्याला अरे-तुरे करणारं आता दुसरं कोणी उरलं नव्हतं, त्याचं त्यांना फार सुख झालं. गाडीत परत परत सांगत होते, "मला रे म्हणाल्या."

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. सकाळी नळाला पाणी आलं होतं, शांताकाकू भरत होत्या, त्यांनी हाक मारली आणि काका उठले नाहीत. रविवारी लालबागपाशी जमलो तेव्हा कोणालाच पेडल मारवेना. मी चिडून एका दगडावर बसले. मला उठवायला कोणी नव्हतं, तेव्हा माझी मीच उठले.

ह्या थंडीत कोकणात जायचं की नाही ह्यावर बरीच चर्चा झाली. शांताकाकूंनी ती एका वाक्यात संपवली: "त्यांनी रेघ ओढून ठेवली आहे ना? मग जा." निघायच्या दिवशी त्यांनी काकांची बाटली आपल्या हाताने भरून माझ्या सायकलला लावली.

फाट्यावर म्हातारी शेडमध्ये बसली होती. थंडी सुरू झाल्यापासून रोज येऊन बसते, असं मागून गावातल्या लोकांनी सांगितलं. तिने मला ओळखलं, आणि माझ्या मागच्या वळणाकडे बघत राहिली. एकेक सायकल येत गेली. मंगेश शेवटी आला, त्याच्या मागे रस्ता रिकामा.

"तो कुठाय?"

"गेले, काकी."

मंगेशने हेल्मेट काढलं. मग तिचं लक्ष माझ्या सायकलकडे गेलं. "ती बाटली त्याच्याच घरची ना?"

"हो. काकूंनी भरून दिली आहे."

तिने हात पुढे केला. ओंजळ नाही, एकच हात, हक्काने. मी बाटली दिली. ती प्यायली, पदराने तोंड पुसलं, आणि बाटली परत माझ्या हातात देत म्हणाली, "पाणी झालं. आता विचार रस्ता."

रस्ता मला पाठ होता. तरी मी विचारला.